व्याह्यांचा आज

आमच्या व्याह्यांइतकं बेभरवशाचं बोलणारा, तरीही भरवशाचा माणूस पालघरपासून तारापूरपर्यंत दुसरा मिळायचा नाही. व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. मूळचे पाम गावचे वाडीवाले, पण वाडी भावाच्या हवाली करून पालघरला हवामानाच्या सरकारी कचेरीत लागले आणि तिथेच मुरले. मी नवापूरचा मच्छीमार, चौथी शिकलेला. पोरांनी आपापसात जमवलं म्हणून आम्ही व्याही झालो, नाहीतर आमचं जमायचं काही कारण नव्हतं.

कचेरीची भाषा त्यांच्या जिभेवर इतकी बसलीय की घरीदारी तीच. लग्नात मी विचारलं, "व्याही, जेवण कसं झालं?" हात पुसत म्हणाले, "बहुतांश ठिकाणी चांगलं, तुरळक ठिकाणी खारट." आमच्याकडची मंडळी अजून त्यावर हसतात. 'नक्की' हा शब्द त्यांनी उभ्या जन्मात वापरला नसेल. बाजारातल्या भाजीवाल्या त्यांचा अंदाज ऐकत नाहीत, त्यांचा हात बघतात. हातात छत्री दिसली की टोपल्यांवर प्लास्टिक. एकदा ते छत्री दुरुस्तीला नेत होते आणि भर उन्हात अर्धा बाजार झाकला गेला. "साहेब, फसवलंत आमाला," एक बाई म्हणाली. व्याही तिला दहा मिनिटं दुरुस्ती आणि अंदाज यातला फरक समजावत उभे राहिले.

मला त्यांचा हा व्यवहार पटत नसे. माझा बाप आभाळ बघून होडी काढायचा, मीही तसाच. एका वर्षी मासेमारीची बंदी उठून चारच दिवस झाले होते. सकाळी नऊला व्याह्यांचा फोन आला, "आज वारा चढण्याची शक्यता आहे. होडी काढू नका." गावातल्या सगळ्या होड्या बांधलेल्या राहिल्या, आमचीही. मी दिवसभर ओट्यावर बसून समोरच्या सुरूच्या झाडांवर नजर ठेवली. संध्याकाळी फोन केला.

"व्याही, पान हललं नाय. तुमचा आज गेला."

"आज संपायचाय अजून," ते म्हणाले.

मला वाटलं, हरलेला माणूस बोलतोय. पहाटे मुलाला म्हटलं, काढ होडी. तो घुटमळला. "बाबा, सासऱ्यांना इचारू का एकदा?"

"समुद्र कोणाचा हाय, त्यांचा का आपला?"

तो गेला. सहा वाजता व्याह्यांचा फोन. "जावई घरी आहेत ना?"

"गेला दर्यावर. तुमचा वारा कालचा होता ना?"

ते अगदी हळू म्हणाले, "व्याहीबुवा, आमचा आज सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या सकाळी साडेआठला संपतो. पाऊस मोजायची वेळ ती. अजून अडीच तास आहेत."

सून शेजारीच उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ती नवऱ्याला फोन लावत राहिली. लागत नव्हता.

सातला सुरूची झाडं वाकायला लागली. पावणेआठला व्याही स्कूटरवरून किनाऱ्यावर पोचले, कचेरीच्या पँटबुटासकट. होडी दिसत होती, पण खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे, त्यावर लाटा फुटत होत्या. मुलगा बाहेरच फिरत राहिला. चुकीच्या वेळी आत घुसला असता तर होडी पालथी. लाट मला कळते. वाऱ्याचा झोत कधी येईल ते मात्र त्या सकाळी कळेना. व्याही गुडघाभर पाण्यात उभे राहून तोंडातल्या तोंडात आकडे मोजत होते. झोत आला की पुन्हा एकपासून.

"काय करताय?"

"दोन झोतांमधलं अंतर बघतोय." मग थोड्या वेळानं म्हणाले, "हा गेला की जरा उसंत मिळेल."

"नक्की?"

"नक्की नाही. शक्यता आहे."

झोत गेला. मी एक मोठी लाट जाऊ दिली आणि त्यांच्या त्या शक्यतेवर दोन्ही हात वर केले. मुलानं बघितलं, होडी आत घातली. पुढची मोठी लाट बांधावर फुटली तेव्हा तो खाडीत होता.

सून पाण्यात धावली. व्याही वाळूवर बसून बुटातलं पाणी ओतत होते. 'मी सांगितलं होतं' हे तीन शब्द बोलायचा त्यांना पुरा हक्क होता. ते बोलले नाहीत. उलट मलाच म्हणाले, "चूक माझी. मी तारीख आणि वेळ सांगायला हवी होती."

याला दोन पावसाळे झाले. आता ते फोनवर आज-उद्या म्हणत नाहीत. 'सोमवारी सूर्य उगवायच्या आत' असं माझ्यासाठी फोडून सांगतात. पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होतायत. चूक तुमची नाय, माझी होती, एवढं मला त्यांना म्हणायचंय. निवृत्त होऊन निवांत भेटले की म्हणीन असं ठरवलंय, पण माझ्यासारख्या सत्तरी उलटलेल्या माणसानं असली कामं पुढच्या उन्हाळ्यावर टाकू नयेत, हेही कळतं. परवा ते आले होते. ओट्यावर आम्ही दोघेच. मी बरंच धाडस करून तोंड उघडलं आणि चहा घेणार का, एवढंच विचारलं.