पाऊस पडण्याचं क्रियापद

माय गेली तेव्हा मी वसमतच्या घरी जेवणाच्या टेबलावर कार्डं लावत बसले होते. दिवाळीच्या आधीच्या सुट्ट्या होत्या. नवरा दुकानावर गेलेला, मुलगी झोपलेली. दुपारचे साडेतीन-चार वाजले असतील.

ती कार्डं माझ्या पीएच.डी.ची. मी इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवते. मध्ययुगातले इंग्रजी बोलणारे लोक पाऊस पडण्याचं क्रियापद कसं वापरायचे, असा माझा विषय होता. ऐकणारा आधी हसायचा, मग विचारायचा, याचा उपयोग काय? मार्गदर्शक सरांनीच विषय सुचवला होता. म्हणाले, "नोकरी आहे, लेकरू आहे, घर आहे. मोठा विषय घ्याल तर बुडाल. एक क्रियापद घ्या आणि त्याचा पिच्छा पुरवा." मी एक क्रियापद घेतलं.

अगदी जुन्या इंग्रजीत ते ‘रीनन’ असं होतं. पुढं ते ‘रैनन’ झालं. भूतकाळ कुणी ‘रॉन’ लिही, कुणी ‘रेनेड’. मला त्या रूपांपेक्षा कर्त्यात जास्त रस होता, कारण आपल्याकडं पाऊस पडतो, तिथं पाऊस हाच कर्ता. त्या लोकांचं तसं नव्हतं. कधी देव पाऊस पाडी, कधी ढग, कधी आभाळ. देव नुसतं पाणी पाडत नसे. आग पाडी, दगड पाडी, आभाळातून खायला अन्नसुद्धा पाडी. आणि या सगळ्यांच्या बरोबरीनं ‘इट रेन्स’मधलं ‘इट’ही होतं. आधी ते ‘हित’ असं होतं. क्वचित तेही गाळून नुसतं क्रियापद लिहिलेलं सापडे. पुढं पुढं बाकीचे कर्ते मागं पडले आणि ‘इट’ तेवढं उरलं. प्रत्येक उदाहरणाचं एक कार्ड. देवाची पिवळी, ढगांची निळी, ‘इट’ची पांढरी. पांढरी सगळ्यांत जास्त.

फोन चुलतभावाचा होता. तो गावातच राहतो, आमच्या शेताला लागून त्याचं शेत.

"बाई, तू निघ. मायवर वीज पडली."

"कुठं?"

"वावरात. सेनगावच्या दवाखान्यात घेऊन आलो आमी."

"आहे का?"

"न्हाई," तो म्हणाला.

मी कार्डांना रबर लावलं. पिवळी वेगळी, निळी वेगळी, पांढरी वेगळी. गॅसवरचं दूध उतरवून ठेवलं. मग नवऱ्याला फोन केला. दूध आधी उतरवलं हे मला पक्कं आठवतं, कारण नंतर कितीतरी दिवस मी त्याचाच विचार करत होते.

सेनगावला पोचलो तेव्हा पाऊस कधीच थांबला होता. ऊन पडलेलं. ग्रामीण रुग्णालयाच्या मागच्या बाजूला व्हरांड्यात लोक उभे होते आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, पायरीवर बसले होते. त्यांच्या शेजारी मायची एक चप्पल होती. दुसरी सापडली नव्हती. मी त्यांच्याजवळ बसले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "जेवलीस का?" मी हो म्हणाले. मी खोटं बोलले.

माझ्या आजूबाजूच्या बाया रडत होत्या. एकीनं मला धरून हलवलं, "रड माय, मोकळी हो." मी तिच्या बांगड्या बघत होते. तिच्या डाव्या हातात एक बांगडी जास्त होती.

दुसऱ्या दिवशी सगळं उरकल्यावर पंचनाम्यासाठी तलाठी बाई शेतात आल्या. पंचविशीच्या असतील. पायात बूट, हातात फायलीचा पुठ्ठा. आमच्या शेतात पत्र्याची एक खोपी आहे, तिला आम्ही आखाडा म्हणतो. बैलं होती तेव्हा तिथंच बांधायचे. तिथं खाटेवर बसून त्यांनी अण्णांना विचारलं, "काका, काय काय झालं ते सांगा."

अण्णांनी सांगितलं. सोयाबीन कापून गंजी लावलेली होती, आखाड्यापासून शंभर पावलांवर. दुपारी वाशिमच्या अंगानं आभाळ आलं. गंजी उघडी. मायनं ताडपत्री घेतली आणि गेली. वीज पडली.

"तुमी कुठं होते?"

"म्या इथंच. गुडघा दुखतो माझा."

"मग त्या एकट्याच गेल्या?"

"आपल्या मनानंच गेली," अण्णा म्हणाले. "गंजी झाकाया."

तलाठी बाईंनी ते लिहून घेतलं. खाली अण्णांनी सही केली. चुलतभाऊ आणि शेजारचा एक जण पंच. मी कागद वाचला. ‘मयत ही स्वतःहून गंजी झाकण्यासाठी गेली असता अचानक वीज कोसळून जागीच मृत्यू पावली.’ मी शुद्धलेखन तपासलं. एक वेलांटी चुकली होती.

तेराव्यानंतर मी परत कॉलेजात जायला लागले आणि अण्णांना वसमतला घेऊन आले. शेत बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, चुलतभावाकडं दिलं. सरांनी फोनवर सांगितलं, सहा महिने थांबा, विद्यापीठ मुदत वाढवून देईल. मी नको म्हणाले. मला तेव्हा तेवढं एकच काम जमत होतं. मुलीची वेणी घालताना हात मध्येच थांबायचे, भाजीत दोनदा मीठ पडायचं; पण कार्डं बिनचूक लागायची. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी कुठल्या तरी गावात कुणीतरी लिहून ठेवलं की पाऊस पडला. ते मी उतरवून घ्यायचे. कर्ता कोण, काळ कोणता, पानाचा क्रमांक. त्यात मला काही वाटायची गरज नव्हती.

अण्णा समोरच्या खुर्चीत बसून बघायचे. ते सातवीपर्यंत शिकलेले. टीव्ही लावत नसत. एकदा म्हणाले, "हे पांढरे लई झालेत."

"ते ‘इट’चे आहेत, अण्णा."

"इट म्हंजी कोण?"

"कोणी नाही. इंग्रजीत वाक्याला कर्ता लागतो. पाऊस पाडणारा कोणी दिसत नाही, म्हणून तिथं एक शब्द ठेवून द्यायचा. त्याला अर्थ नसतो."

"म्हंजी बुजगावणं," अण्णा म्हणाले.

मी हसले नाही, पण ते वहीत लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत विचारलं, "अन् पिवळे?" मी सांगितलं, देवाचे. देव कृपा म्हणूनही पाडतो आणि शिक्षा म्हणूनही. ते बराच वेळ पिवळी कार्डं हातात धरून बसले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. तरी एकेक कार्ड उलटून बघितलं आणि जसं होतं तसं परत ठेवलं.

पुढच्या भादव्यात माझी तोंडी परीक्षा होती, विद्यापीठात. ती सगळ्यांसमोर असते, कोणीही येऊन बसू शकतं. सकाळी मी साडी नेसत होते तर अण्णा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून तयार. "मी बी येतो."

"अण्णा, सगळं इंग्रजीत असतं. तुम्हाला तकलीफ होईल."

"बसतो मागं."

ते शेवटच्या रांगेत बसले, हातात टोपी. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई वयस्कर होत्या, बोलायला मऊ. त्यांनी चार प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. मग विभागप्रमुखांनी रीतीप्रमाणं विचारलं, कुणाला काही विचारायचंय का. बहुतेक वेळा कोणी विचारत नाही.

अण्णा उभे राहिले. "मला इच्यारायचं हाय."

सगळे वळून बघायला लागले. सर पुढं झाले, त्यांना वाटलं कोणी चुकून आलंय. मी म्हणाले, "माझे वडील आहेत." परीक्षक बाई मराठीत म्हणाल्या, "विचारा ना, काका."

"त्या लोकायमदी," अण्णा म्हणाले, "माणूस कधी म्हणायचा का, की म्या पाडलं म्हणून? देवानं पाडलं, ढगानं पाडलं, ते ऐकलं म्या. माणसानं पाडलं, असं हाय का कुठं?"

मी मराठीत उत्तर दिलं. म्हणाले, "पाण्याच्या बाबतीत नाही, अण्णा. माणूस कर्ता म्हणून मला सापडला तो फक्त रडण्याच्या बाबतीत. माणूस डोळ्यांतून पाऊस पाडतो, असं त्या काळच्या काही कवितांत येतं. चौथ्या प्रकरणात आहे."

"बराबर," अण्णा म्हणाले आणि बसले.

परीक्षक बाईंनी माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. मग अभिनंदन केलं. पेढे वाटले, फोटो झाले. फोटोत मी सरळ उभी आहे.

एस.टी.ला वेळ होता. बसस्टँडवर बाकड्यावर बसलो. मी अण्णांना चहा आणून दिला. त्यांनी तो बशीत ओतला आणि तसाच धरून ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "ती आपल्या मनानं न्हाई गेली."

मी त्यांच्याकडं वळले.

"ती म्हणली, आभाळ लई वंगाळ हाय, थांबू जरा. म्या म्हणलं, गंजी भिजंल, जा, ताडपत्री टाक. ती म्हणली, तुमी बी चला, एक टोक धरा. म्या म्हणलं, माझा गुडघा. दोन बार म्हणलं म्या, जा म्हणून. दुसऱ्यांदा वरडून म्हणलं."

"बरं," मी म्हणाले.

"गुडघा तवा तेवढा दुखत नव्हता."

"बरं, अण्णा."

त्यांना माझ्याकडून काय हवं होतं मला कळत होतं. रागवावं, किंवा तुमचा दोष नाही म्हणावं. दोन्हींपैकी काहीही माझ्यात नव्हतं. मी आत शोधलं, खरंच शोधलं. तिथं काही नव्हतं. मी म्हणाले, "चहा गार होतोय." त्यांनी तो प्याला.

घरी आल्यावर दोन दिवसांनी ते म्हणाले, सेनगावला जायचंय, तहसीलमधी. काहून, तर पंचनामा दुरुस्त करायचा. मी समजावलं, त्यानं काही बदलत नाही. ते म्हणाले, "खोटं लिवलंय. त्याच्याखाली माझी सही हाय."

मी रजा टाकली आणि आम्ही गेलो. तहसील कार्यालयातल्या क्लार्कला अण्णांनी सगळं सांगितलं, उभ्यानं, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं. क्लार्क चांगला माणूस होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काका, त्यानं काय व्हणार आता? केस कधीच बंद झाली. तुमी पाठवलं काय, त्या गेल्या काय. वीज ती वीज. तुमी कशाला मनाला लावून घेता?"

"बंद ऱ्हाऊ द्या. हे त्याच्यात ठिवा."

"काय ठेवू?"

"अर्ज."

क्लार्कनं माझ्याकडं पाहिलं, मग एक कोरा कागद पुढं केला. अण्णांची लिहायची सवय गेलेली, म्हणून मी लिहायला घेतलं. मी लिहिलं, ‘मयत ही पतीच्या सांगण्यावरून गंजी झाकण्यासाठी गेली असता’. अण्णांना वाचून दाखवलं.

"असं न्हाई," ते म्हणाले. "म्या पाठवलं, असं लिव्ह."

मी तो कागद बाजूला ठेवून दुसरा मागितला. लिहिलं, ‘मी माझ्या बायकोला पाठवलं. ती नको म्हणत होती. मी तिला दोनदा जा म्हणालो. दुसऱ्यांदा ओरडून म्हणालो. पंचनाम्यात मी ती स्वतःहून गेली असं सांगितलं, ते खरं नाही.’ माझं अक्षर चांगलं आहे. ओळी सरळ आल्या. अण्णांनी सही केली, हळूहळू, एकेक अक्षर जुळवत. क्लार्कनं कागद वाचला, परत एकदा वाचला, आवकचा शिक्का मारला आणि त्यावर नंबर टाकला. पोच म्हणून एक प्रत आमच्याकडं दिली. अण्णांनी ती घडी करून बंडीच्या खिशात ठेवली.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "मला गावाकडं सोड. वसमतला न्हाई येत आता."

मी सोडलं. वर्षभर बंद असलेलं घर होतं. झाडून काढलं, पाणी भरलं, चुलतभावाच्या बायकोला दोन वेळच्या जेवणाचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा ते शेताच्या वाटेला लागलेले होते. काठी होती हातात.

महिन्याभरानं त्यांचा फोन आला. तुरीला फुलं लागली होती आणि रोही शिरत होते. रोही म्हणजे नीलगायी, आमच्याकडं कळपानं येतात आणि एका रात्रीत तूर खाऊन जातात. त्यांना अडवायला लोक शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. वाऱ्यानं साडी फडफडली की रोही बुजतात.

"बाई," अण्णा म्हणाले, "मायच्या साड्या हायत पेटीत. बांधू का?"

मी ऑफिसात उत्तरपत्रिका तपासत होते. म्हणाले, "बांधा."

"समद्या?"

"सगळ्या बांधा."

नाताळच्या सुट्टीत मुलीला घेऊन गेले. बांधावरून चालत गेलो. तूर छातीपर्यंत आली होती, आणि तिच्या चारी बाजूंनी काठ्या रोवून साड्या ताणून बांधलेल्या. हिरवी, जांभळ्या काठाची. माझ्या लग्नातली गुलाबी. एक करडी, ती माय बाजाराला नेसायची. एक मी तिला पहिल्या पगारातून घेतलेली, निळी. ती नवीच होती, नेसलेलीच नव्हती बहुतेक. मुलगी धावत पुढं गेली आणि ओरडून रंग मोजायला लागली. अण्णा आखाड्याजवळ उभे होते, ते म्हणाले, "तिकडून ये गं, तिथं काटे हायत." मी बांधावरच थांबले. वारा नव्हता. साड्या नुसत्या खाली लोंबत होत्या. थोड्या वेळानं मी निळ्या साडीपाशी गेले. एका काठीला तिची गाठ सुटत आली होती. मी ती सोडून परत घट्ट बांधली.