मिठूचं नेमणूकपत्र

प्राजक्ता निमकर माइकसमोर उभी राहिली आणि सुहासिनी आठल्यांच्या पोटात दुखायला लागलं. तसं ते गेली चार वर्षं दुखतच होतं. पण त्या रविवारी महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये, दुसऱ्या रांगेत, साठ माणसांच्या देखत, चेहरा हसरा ठेवून ते सोसायचं होतं. हे भलतंच अवघड काम हो!

भाषणाचा विषय होता ‘छोटा व्यवसाय आणि कामगार कायदा’. ही बया कायद्यावर बोलणार! हिचा नवरा कॉम्प्युटर कंपनीत, म्हणून ही कलकत्त्यात आली आणि येऊन वर्ष झालं नाही तोच हिने शाळेच्या युनिफॉर्मचं शिवणकाम सुरू केलं. सुहासिनीबाईंचाही तोच धंदा. अख्ख्या शहरात दुसरा धंदा सापडला नाही हिला?

"माणसं दोन असोत की दहा," प्राजक्ता सांगत होती, "पहिल्या दिवशी नेमणूकपत्र हातात द्यायचं. हजेरीचं रजिस्टर ठेवायचं. आठवड्याला दीड दिवस सुट्टी, ती कायद्यानेच आहे, आपण उपकार करत नाही. रजा किती, काम काय, नोटीस किती दिवसांची, सगळं लिहून. ‘आमच्याकडे सगळे घरच्यासारखे आहेत’ हे म्हणायला छान वाटतं, पण ते कुठल्या कचेरीत दाखवता येत नाही."

लोक हसले, टाळ्या पडल्या. सुहासिनीबाईंनीही वाजवल्या, बोटांच्या टोकांनी. कारण ‘घरच्यासारखे’ हे वाक्य त्यांचंच होतं. गेल्या दसऱ्याला याच हॉलमध्ये त्या ते चार जणींना ऐकवून गेल्या होत्या. वर भाषण संपल्यावर प्राजक्ताने ओळख करून दिली ती कोणाची? रेबा आणि लोक्खीची. दोघीही सुहासिनीबाईंच्या कारखान्यात हात बसलेल्या आणि दोघीही तिकडे गेलेल्या. नव्या साड्या नेसून आल्या होत्या मेल्या.

"शिकवायचं मी आणि मिरवायचं हिने," घरी येताना टॅक्सीत त्या फणफणल्या.

दिगंबरराव बँकेतून निवृत्त झालेले, शांत माणूस. ते म्हणाले, "बोलली ते मात्र बरोबर होतं."

"तुम्ही तर बोलूच नका!"

या बाईंचं जरा सांगायला हवं, नाहीतर नुसत्याच भांडकुदळ वाटतील. बावीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या बदलीबरोबर त्या इथे आल्या. एक शिलाई मशीन होतं, आणि कोणाशी बोलावं तर भाषेची बोंब. सियालदह स्टेशनच्या मागच्या गल्लीत खोली घेऊन त्यांनी शाळेचे फ्रॉक शिवायला घेतले. नवऱ्याची पुढची बदली आली तेव्हा ‘तुम्ही जा, मी इथेच राहते’ म्हणून ठणकावलं आणि राहिल्या. आज खोलीत सहा मशीनं आणि सहा बायका. कोणाच्या आईचा मोतीबिंदू काढायचा असो, कोणाचा दीर दारू पिऊन त्रास देत असो, सुहासिनीबाई पदर खोचून हजर. संक्रांतीला तिळगूळ, होळीला पुरणपोळी, दुर्गापूजेला साडी. कागद मात्र एकाही बाईला दिला नव्हता. आपल्या माणसाला कसला कागद द्यायचा? त्यांना तो अपमानच वाटायचा.

आणि त्या सहांत मिठू. नऊ वर्षांपूर्वी चिंध्या झाडायला आलेली पोर, आज कटिंग तिच्याच हातात. दोनशे फ्रॉकांचं कापड पसरलं की खडूची रेघ अशी मारायची की वीतभर वाया जात नसे. जानेवारीत शाळा सुरू व्हायच्या आणि दोन मोठ्या शाळांची ऑर्डर अंगावर होती. मिठू गेली तर ऑर्डर गेली आणि ऑर्डर गेली तर कारखान्याला कुलूप लावायचं, इतकं ते सरळ होतं.

त्याच आठवड्यात मिठूने काम थांबवून विचारलं, "काकीमा, एक कागद द्याल? मी इथे काम करते, असा. घर बांधायला कर्ज घ्यायचंय. बँकवाले म्हणतात, कुठे काम करतेस ते लिहून आण."

साधी गोष्ट होती. पण सुहासिनीबाईंच्या डोळ्यांसमोर प्राजक्ता उभी राहिली, माइकसकट.

"तिने शिकवलं ना तुला?" त्या कडाडल्या. "नऊ वर्षं माझा शब्द चालला आणि आता कागद हवा? मग तिकडेच जा, तिच्याकडे गठ्ठे आहेत कागदांचे!"

मिठू कात्री उचलून कामाला लागली.

शनिवारी भाजी घेताना रेबा भेटली. तिच्या पोटात काही राहत नाही. मिठू प्राजक्तादीदींकडे येऊन गेली, म्हणाली. झालं! सुहासिनीबाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी त्या जेवल्या नाहीत. प्राजक्ताच्या कारखान्यातला पंखा, प्राजक्ताचं हसणं, प्राजक्ताला मंडळात मिळालेला सत्काराचा नारळसुद्धा त्यांना आठवून आठवून छळायला लागला.

"अगं, तिने पत्र मागितलं," दिगंबरराव म्हणाले. "तुझी एक किडनी नाही मागितली."

हे मात्र लागलं. पण बाईंच्या डोक्यात शहाणपण आलं तेही मत्सराचा हात धरूनच. पत्र द्यायचंच ना? मग असं देऊ की त्या प्राजक्ताने तोंडात बोट घालावं! त्यांनी रेबाकडून तिचं नेमणूकपत्र बघायला आणलं आणि समोर ठेवून एकेक कलम वाढवलं. तिथे दीड दिवस सुट्टी, इथे दोन. तिथल्यापेक्षा रजा चार दिवस जास्त. पद तिथे नुसतं ‘कारागीर’, इथे ‘मुख्य कटिंग मास्टर’. हजेरीचं रजिस्टर विकत आणलं. एस्प्लनेडच्या बाजारात जाऊन जाड कागदावर पत्र टाइप करून घेतलं, खाली शिक्का मारला, ठसठशीत सही केली. येताना मिठाईही घेतली.

बुधवारी सगळ्या बायकांना मशीनं बंद करायला लावून त्यांनी ते पत्र मिठूच्या हातात दिलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मिठू ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचत होती. पहिल्याच ओळीवर बोट थांबलं.

"काकीमा, हे बँकेत चालणार नाही."

"का नाही चालणार? शिक्का आहे, सही आहे!"

"यात मिठू मंडल लिहिलंय. मिठू तर घरातलं नाव, आई हाक मारते ते. कागदावरचं, चांगलं नाव आभा. आधारवर, शाळेच्या दाखल्यावर, सगळीकडे आभा मंडल."

बंगाल्यांत प्रत्येकाला अशी दोन नावं असतात हे बावीस वर्षांत सुहासिनीबाईंना ठाऊक नव्हतं थोडंच! शेजारच्या बाबूंची दोन्ही नावं त्यांना पाठ होती. मिठूचं दुसरं नाव विचारायची वेळच कधी आली नव्हती. पगार रोख, पाकिटावर ‘मिठू’. फोनमध्ये ‘मिठू’.

"मग इतक्या वर्षांत बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही कधी." मिठूच्या आवाजात राग नव्हता. "प्राजक्तादीदींनी बसायला सांगितलं आणि पहिलं तेच विचारलं. चांगलं नाव काय तुझं, म्हणाल्या."

काळजात कळ आली ती तेव्हा. प्राजक्ताच्या पंख्याचा, साड्यांचा, नारळाचा हेवा त्यांनी मनसोक्त केला होता. हा हेवा वेगळा निघाला. नऊ वर्षांत आपल्याला जे कळलं नाही ते त्या बाईने पाच मिनिटांत विचारून घेतलं होतं, आणि यात तिची काही लबाडी नव्हती.

"उद्या बदलून आणते," त्या कशाबशा म्हणाल्या.

मिठूने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "मी तिकडे हो म्हटलंय, काकीमा. पण दीदी म्हणाल्या, महिन्याची नोटीस लिहून द्यायची, काकीमांना अडचणीत टाकून यायचं नाही. दोन्ही शाळांचं कटिंग पुरं करूनच जाईन."

सुहासिनीबाईंनी कागद घेतला. शाळकरी वळणाचं अक्षर, चार ओळी आणि खाली सही, आभा मंडल. त्यांनी ती दोनदा वाचली. मग नव्या रजिस्टरचं पहिलं पान उघडून त्यांनी पहिल्या ओळीत ते नाव लिहिलं. तोवर मशीनं पुन्हा सुरू झाली होती.

"आभा," त्यांनी हाक मारली.

कापडावर वाकलेली मिठू रेघ मारतच राहिली. त्या खोलीत या नावाने तिला कोणी कधी हाक मारलीच नव्हती.