हमीदचाचांचा रकाना

हमीदचाचा गेल्याचं मला गावच्या ग्रुपवर कळलं. हात जोडलेली चित्रं येऊ लागली होती. मी आधी त्यांच्या घरी फोन लावला. सुनेनं, शबानानं, उचलला. "व्हय ताई, पहाटे गेले. म्या उशाशीच व्हते." मगच मी ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या. ही सवय चाचांनीच लावलेली.

कापूरहोळच्या फाट्यावर त्यांचं शिलाईचं दुकान, घर आमच्या किकवीत. मी शिकवते त्या गावच्या शाळेचे गणवेश तेच शिवत. पहिल्या टाळेबंदीत गावसमितीच्या याद्या माझ्याकडे होत्या: बाहेरून कोण आलं, किराणा कुणाला पोचवायचा, कुणाच्या दारात जायचं नाही. एका दुपारी मोबाईलवर फोटो आला. चाचांच्या दारात अँब्युलन्स, खाली 'टेलरच्या घरी रुग्ण निघाला'. फोटो खरा होता. दारात न जायच्या यादीत मी अकराव्या क्रमांकावर त्यांचं नाव घातलं आणि यादी ग्रुपवर पाठवून दिली. त्या दिवसांत टीव्हीवर त्यांच्या समाजाबद्दल जे चाललं होतं, त्यानं माझं मन आधीच तयार होतं. ते तेव्हा कळलं नाही... किंवा कळून घेतलं नाही.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "ताई, अकरा नंबरला आमी हाय. हे कुणी पाहिलं?"

"फोटो आलाय, चाचा."

"गाडी शबानाला बाळंतपणाला न्यायला आली व्हती. नात झाली. आता दूधवाला बी दारात यीना."

मी नाव काढलं आणि लिहिलं, 'काही कारणाने यादीत चूक झाली.' पुन्हा फोन. "काही कारण म्हंजी कोण? तुमची यादी नेटकी असती, म्हणून लोकांना खरी वाटती. माझं नाव लिवलं, तसं तुमचं बी लिवा." ते लिहायला मला दोन दिवस लागले. यादी ज्यांनी धडाधड पुढे पाठवली होती, त्यांतल्या फार थोड्यांनी दुरुस्ती पाठवली.

टाळेबंदी उठल्यावर मी गणवेशांची मापं घेऊन दुकानात गेले. चाचांनी माझी वही ओढून घेतली, लाकडी पट्टीनं कडेला एक रेघ मारली. "हितं सांगणाऱ्याचं नाव. त्यानं सोता पाहिलं असंल तरच." त्या विषयावर एवढंच. मग चहा मागवला.

चाचा गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी राहिलेले गणवेश आणायला गेले. सोबत शेजारच्या वहिनी होत्या. दुकानाकडे बघत म्हणाल्या, "ह्यांच्याच घरी ना गं, पयला करोना निघाला व्हता?" शर्टाला काजं करणाऱ्या शबानाचा हात थांबला.

"नव्हता," मी म्हणाले. "ते मी लिहिलं होतं, न बघता."

इतक्या वर्षांत हे वाक्य किती जणांना बोलले, त्याची मात्र मी यादी ठेवलेली नाही. थकायला होतं. माणूस गेला, अकरा नंबर अजून फिरतोच आहे.

निघताना शबानानं ती लाकडी पट्टी माझ्या पिशवीत घातली. मधे झिजलीय, रेघ तिथं जरा वाकते. घरी येऊन नवी वही काढली, कडेचा रकाना आखला. पहिल्या ओळीत चाचांचं नाव, गेल्याची तारीख. आणि कडेच्या रकान्यात: शबाना, उशाशी होती.