घोड्याच्या घरातलं प्यादं

मुलांनो, दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवलेली ढाल कसली, असं तुम्ही परवा व्हिडिओ कॉलवर विचारलंत. सांगते.

इथे मानपाडा रस्त्यावरच्या सभागृहात दरवर्षी साठीपुढच्यांची बुद्धिबळ स्पर्धा भरते. मागची दोन वर्षं मी दुसरी आले. दोन्ही वेळा शेवटच्या डावात मला हरवलं ते ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या एका गृहस्थांनी. बँकेतून निवृत्त, स्वभावानं मिस्कील. यंदाही शेवटचा डाव त्यांच्याशीच होता, पण त्याआधी माझा अर्धा गुण जास्त होता. बरोबरी झाली तरी ढाल माझी.

"काय बाय, हरल्याचे पेढे आणलेत ना?" बसता बसता त्यांनी विचारलं.

"आणलेत. आणि ढाल न्यायला पिशवीपण."

डाव माझ्या हातून निसटत गेला. शेवटी माझा एकटा राजा उरला, त्यांचा राजा आणि एक प्यादं. ते प्यादं घोड्याच्या पट्टीतून सरळ शेवटच्या घराकडे निघालं होतं आणि माझा राजा दूर होता. तिथे वजीर आला की संपलं. मी मारलेली त्यांची मोहरी नेहमीच्या सवयीनं ओळीत मांडून ठेवली होती. वजीर त्यांना सर्वांत जवळ.

प्यादं पोहोचलं. त्यांचा हात वजिरावरून पुढे गेला, त्यांनी घोडा उचलून त्या घरात ठेवला आणि घड्याळ दाबलं.

मला लगेच उमगलं. आपल्या देशी खेळात प्यादं ज्या घरात पोहोचेल त्या घराचं मोहरं होतं. माझ्या आजोबांनीही मला तसंच शिकवलं होतं. स्पर्धेत हवं ते मोहरं घेता येतं, पण बोटांना जुनं आठवतं.

"आयला, घोडा? वजीर घ्यायचा होता मला!"

पंच आले. "काका, ठेवलं ते ठेवलं. एकट्या घोड्यानं मात होत नाही. डाव बरोबरीत."

घोड्याकडे बघून ते हसू लागले. "बापानं धक्क्यावर बसवून शिकवलेलं, बाय. आता त्याच्यावर काय रागवायचं?"

चहापाण्यानंतर मीच म्हटलं, "चला, एक डाव घरच्या नियमानं." त्यात माझं प्यादं हत्तीच्या घरात पोहोचलं आणि मी वजिराकडे हात नेला.

"ओ बाय, हत्ती!" ते ओरडले.

तो डाव ते जिंकले, पेढेही त्यांनीच जास्त खाल्ले. ढाल पिशवीतून मी घरी आणली.