दसऱ्यात लावलेलं कुलूप

समुद्रावर लाल निशाण लावलं होतं. पाण्यात उतरायचं नाही, असा त्याचा अर्थ. थायलंडमधल्या फुकेतजवळच्या त्या गावात आम्ही पोचलो त्या दिवसापासून ते तसंच फडफडत होतं. किनाऱ्यावरच्या खुर्च्या एकावर एक रचून दोरीनं बांधलेल्या, टपऱ्यांवर निळी ताडपत्री, आणि मनाला येईल तेव्हा कोसळून जाणारा पाऊस. सीझन नव्हता म्हणून सगळं स्वस्तात मिळालं, या आनंदात हे, म्हणजे माझे यजमान, व्हरांड्यात पाय पसरून बसायचे. मला बसवत नव्हतं. मी हॉटेलच्या टॉवेलांच्या घड्या घालायची, पुसलेलं टेबल पुन्हा पुसायची, किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून यायची आणि आल्या पावली परत निघायची. जरा टेक, असं हे म्हणायचे. टेकायला खुर्च्या म्हैसुरातही होत्या, असं मी म्हणायची.

खरं तर तिथे जायचा हट्ट माझाच होता.

म्हैसूरच्या जुन्या वस्तीत, अग्रहारात आमचं घर आहे. दसऱ्याला तिथे कुणाला बोलवायची पद्धत नाही, आणि येतो म्हणून कुणी कळवायचीही नाही. हुबळी, बेळगाव, पुणे, जिथे जिथे आमची माणसं आहेत तिथून ती नवरात्रात येऊन थडकतात, चपला काढतात आणि सरळ आत येतात. 'येऊ का' विचारणं म्हणजे परकेपणा. मी लग्न होऊन आले तेव्हा या घराच्या दारात नणंदेनं मला अडवलं होतं. नणंदेचा तो मानच असतो. तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील तर आत घेते, असं म्हणायचं आणि नव्या नवरीनं हो म्हणायचं. मी हो म्हटलं. पुढे मला मुलगाच झाला, आणि फसवलंस म्हणून वन्संनी मला जन्मभर चिडवलं. त्या दारातून एकदा आत आले ती स्वयंपाकघरातच गेले म्हणा ना. दसऱ्याच्या दिवशी सगळे हत्तीवरची अंबारी बघायला जायचे आणि मला राजवाड्याकडच्या तोफा ऐकू यायच्या, हात पुरणात असताना. चिडचिड व्हायची. एकदा हे सगळं टाकून निघून जाईन, असं मी दर वर्षी म्हणायची. सगळे हसायचे, मीही हसायची.

मग सासूबाई गेल्या. वर्षाच्या आत सण नाही, म्हणून गेल्या दसऱ्याला कुणी आलं नाही. ते रीतीला धरून होतं. या वर्षी मात्र गणपती झाले तशी मला भीती वाटायला लागली. इतकी वर्षं ही माणसं कुणासाठी येत होती? सासूबाईंसाठीच असतील तर आता येणार नाहीत. विचारायची सोय नाही. विचारलं की इतक्या वर्षांचा रिवाज मोडला. रिकामं घर, आवरलेलं स्वयंपाकघर, दारात एकही परकी चप्पल नाही, हे मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. कुणी आलं नाही हे बघायला आपण घरात असूच नये, असं मी ठरवलं. घट बसले की आमच्याकडे घराला कुलूप लावत नाहीत. म्हणून घट गावाच्या दुसऱ्या टोकाला, बोगादीला धाकट्या दिरांकडे बसवायला लावले, कुणाला काही सांगू नका अशी ताकीद दिली, किल्ली समोरच्या घरी ठेवली आणि निघाले.

हॉटेलच्या जेवणघरात टेबलं भरपूर आणि जेवणारे आम्ही दोघं, शिवाय एक म्हातारा गोरा. तरी तिथली बाई रोज सकाळी सगळ्या टेबलांवर काटेचमचे, पालथे पेले, घडीचे रुमाल मांडायची. बाहेर गाडी वाजली की तिची मान दाराकडे वळायची. दोन दिवसांत माझीही वळायला लागली. शेवटी वैतागून मी तिला विचारलं, कुणी येत नाही तर मांडतेस कशाला. न कळवता येणारीही माणसं असतात, असं ती हसून म्हणाली. मला तिचा इतका राग आला की ताटावरून उठून बाहेर गेले. रस्त्यावरच्या काही खाण्याच्या गाड्यांवर पिवळी निशाणं होती. तिथलीही काही माणसं तेच नऊ दिवस पाळतात, मांसमच्छी खात नाहीत. पोटाची सोय झाली म्हणून हे खूश होते. मला वाटलं, सगळं जग नऊ दिवस पाळतंय आणि मी तेवढी पळून आलेय.

अष्टमीला दुपारी ह्यांचा फोन वाजला. वन्संचा होता. त्या ह्यांच्या थोरल्या बहीण, हुबळीला असतात, सत्तरी ओलांडली आहे. ह्यांनी ऐकून घेतलं आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडून आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्याची हाळी ऐकू आली, तेव्हाच त्या कुठे आहेत ते मला कळलं.

"बीग घालून कुठं गेलीयास गं?" वन्सं म्हणाल्या. कुलपाला आमच्याकडे बीगच म्हणतात. "रेल्वेतनं उतरून सरळ आले. पायरीवर बसलेय बघ."

कुठे आहे ते सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की रडू आवरेना. मग मनात होतं ते बोलूनच टाकलं. "आई नाहीत आता. मला वाटलं, कुणी येणार नाही."

"सुम्मने काहीतरी बोलू नको," त्या म्हणाल्या. सुम्मने म्हणजे उगाच. "आई किती वर्षं हांथरुणावर होती. आम्ही कुणाच्या हातचं जेवून जात होतो?"

मी किल्ली कुठे आहे ते सांगितलं, तेल कुठे, समई कुठे ते सांगितलं. एकट्या राहू नका, बोगादीला जा, म्हटलं. त्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं. त्या अग्रहारात आल्या होत्या, बोगादीला नाही. आमची तिकिटं दसऱ्यानंतरची होती आणि स्वस्तातली म्हणून बदलून मिळणारी नव्हती. आम्ही येईपर्यंत थांबाल का, असं मी विचारलं. त्या घरी आलेल्या कुणाला असं विचारायची माझी ती पहिलीच वेळ.

"थांबते की," त्या म्हणाल्या. "पण दार अडवणार बघ मी. दसऱ्यात परत बीग घालणार नाही म्हण, मगच आत घेते."

"नाही घालणार, वन्सं."

"आत्ता नको. दारात उभी राहून म्हण."

त्यांनी फोन ठेवला. निघायला अजून अवकाश होता, तरी मी बॅग भरायला घेतली.