लेथला चाकं लावली तेव्हा

माझे वडील हट्टी होते असं मी म्हटलं, तर पाड्यावरचे लोक म्हणतील, एवढंच? दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर आमच्या तलासरी-डहाणूकडे जमीन हलायला लागली. आधी खालून सुरुंग उडाल्यासारखा आवाज यायचा, मग कौलं थरथरायची आणि मांडणीवरची भांडी खाली. हळूहळू सगळा पाडा अंगणात आला. कुणी ताडपत्री बांधली, कुणाला सरकारी तंबू मिळाला. थंडीत पोरंबाळं घेऊन माणसं उघड्यावर झोपत होती. आणि आमचे बाबा? सत्तरी उलटलेले, एकटे, आतल्या खोलीत. त्या खोलीच्या भिंतीला अशी भेग गेली होती की माझं बोट आत शिरायचं.

"बाबा, भिंत अंगावर येईल हो!"

"आणि मशीन? तिला काय तंबूत झोपवू?"

मशीन म्हणजे लाकूड गोल कातायचा छोटा लेथ. बाबा शाळेत शिपाई होते. रिटायर झाल्यावर वापीच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून त्यांनी तो जुना आणला आणि आतल्या खोलीत जमिनीत बोल्ट गाडून बसवला. त्यावर ते भोवरे कातायचे, लाटणी, खुळखुळे. विकायचे नाहीत, वाटायचे. आई होती तोवर घरभर उडणाऱ्या भुशावरून रोज कटकट चालायची. आई गेली आणि कटकट करायला कुणी उरलं नाही. मला त्या मशीनचा राग यायचा, पण म्हातारा तिच्या जिवावरच तग धरून होता हेही दिसत होतं.

माझं सासर डहाणूच्या किनाऱ्यावर, आगरला. मुलगा शिकायला बाहेर गेल्यापासून त्याचं कॉम्प्युटर टेबल रिकामं पडलं होतं, त्यावर आम्ही सुकटीचे डबे ठेवायचो. मला वाटलं, लेथ ह्या टेबलावर चढवायचा, खाली चाकं लावायची. मशीन बाहेर आली की बाबाही मागोमाग येतील. डहाणूच्या हार्डवेअरवाल्याकडून ब्रेक असलेली चार मोठी रबरी चाकं घेतली आणि चिकूच्या रिकाम्या पेट्या नेणाऱ्या टेम्पोत टेबल घालून माहेरी गेले.

बाबांनी टेबलाला टिचकी मारली. "भुसा दाबून केलेली फळी ही, बाय. लेथ चालू केला की नाचत नाचत उंबरगावला जाईल."

"मग करा ना मजबूत! नुसतं तोंड काय चालवताय?"

बस, तेवढंच हवं होतं त्यांना. वरच्या फळीवर जाड प्लायवूड ठोकलं. पायांना आडव्या-तिरप्या पट्ट्या मारल्या. कीबोर्डची सरकती फळी पटाश्या ठेवायला झाली. खाली सीपीयूच्या जागी वजन हवं होतं, म्हणजे टेबल हलणार नाही. मी म्हटलं, आगरच्या किनाऱ्यावरून रेती आणते पोतंभर. तर माझ्याकडे असे बघायला लागले की मी जणू त्यांची मुलगीच नाही. "समुद्राची रेती? खारट? लोखंड खाईल ती माझं!" शेवटी नदीतले गोटे भरले. आई गेल्यानंतर इतकं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. मधेच जमीन हलली की मी अंगणात पळायची आणि बाबा आतूनच ओरडायचे, "स्क्रू टाकून पळू नकोस, हरवतो!"

बोल्ट सोडवले. शेजारच्यांनी लेथ उचलून टेबलावर बसवला. मधल्या दाराला चौकट नव्हती, तिथून गाडी सुरेख बाहेर आली. पुढच्या दाराशी आली आणि थांबली.

उंबरा! चांगला वीतभर उंच, सागाचा. जन्मभर त्याच्यावरून पाय उचलून गेलेली आम्ही माणसं, पण चाकाला पाय उचलता येत नाही हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. लेथ चढवलेली, गोटे भरलेली ती गाडी चौघांनाही उचलेना, आणि सगळं पुन्हा सोडवायला बाबा तयार नव्हते.

"करवत आणा," मी म्हटलं.

"हात लावशील तर बघ." बाबांचा आवाजच बदलला. "तुझी आई ह्याच्यावरून आत आली. गेली तीही ह्याच्यावरूनच."

आई रोज सकाळी त्या उंबऱ्यावर हळदकुंकू वाहायची. मधोमध जिथे तिचे पाय पडायचे तिथे लाकूड झिजलेलं होतं. मला सगळं माहीत होतं हो. पण भिंतीची भेगही दिसत होती.

"तिला इथूनच नेलं, बाबा. आता तुम्हालाही इथूनच आडवं न्यायचं का आम्ही?"

मी पिशवी उचलली आणि आगरला निघून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात बोंबील वाळत घालत होते. आमच्याकडेसुद्धा मांडणी वाजली, म्हणजे तिकडे मोठा धक्का बसला असणार. बाबांचा फोन लागेना. शेजारच्यांचा लागेना. मासळीच्या हातांनीच रिक्षा पकडली, मग जीप. जीपमध्ये जो तो आपापल्या गावाचं विचारत होता. माझ्या डोक्यात मात्र माझंच आदल्या दिवशीचं वाक्य फिरत होतं.

आतल्या खोलीची भिंत पडली होती. पूर्ण. लेथच्या बोल्टांची जागा आणि बाबांची खाट, दोन्ही मातीखाली.

"इकडे बघ ना, तिकडे काय बघतेस?"

ते अंगणातल्या आंब्याखाली होते, ताडपत्रीच्या सावलीत, टेबलामागे. लेथवर एक अर्धवट कातलेला भोवरा होता. मी वळून दाराकडे पाहिलं. चौकटीची खालची बाजू मोकळी होती. दोन्ही टोकांना करवतीच्या ताज्या खुणा होत्या. त्यांनी सकाळीच, स्वतःच्या हाताने, उंबरा कापून काढला होता.

तो आता टेबलाच्या पुढच्या बाजूला होता. गोट्यांच्या खणासमोर, जमिनीपासून चार बोटं वर, स्क्रूंनी पक्का बसवलेला. टेबलापेक्षा लांब म्हणून दोन्हीकडून बाहेर आलेला. आईच्या पायाने झिजलेली जागा बरोबर मधोमध, आणि तिच्यावर हळदकुंकू. बाबांना कधी नीट वाहता आलं नाही, सगळीकडे सांडलेलं होतं.

मी तिथेच हुंदका दिला. शिव्याही घातल्या, कुणाकडून निरोप धाडता येत नाही का, जीव गेला असता ना माझा. बाबांनी ते सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "झालं? चपला काढ आणि आत ये."

वर नुसता आंबा होता आणि चारी बाजू उघड्या. मी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि टेबलाला वळसा घालून आत गेले.