चपला बाहेर काढाव्यात

गेलेली वीज जशी परत येते तसा गेलेला जमानाही परत येतो, अशा खात्रीनं जगणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच असावा, आणि माझं नशीब असं की ते माझे थोरले साडू आहेत. बजाजनगरात एका गाळ्यात त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. दारावर ठळक पाटी : 'चपला बाहेर काढाव्यात'. कंपनीतली शिफ्ट संपवून आलेली पोरं, लग्नाआधी एक सर्टिफिकेट पदरी असावं म्हणून आलेल्या मुली, झाडून सगळे अनवाणी. एकदा खुद्द गाळामालक बूट घालून आत आले, तर साडूंनी धावत जाऊन आधी मेन स्विच बंद केला. 'धूळ बसंल ना मशिनीत!' पोरांचं तासाभराचं टायपिंग गेलं ते गेलंच.

दसऱ्याचं तर विचारूच नका. प्रत्येक मॉनिटरला झेंडूची माळ, सीपीयूला हळदकुंकू. एका वर्षी उत्साहाच्या भरात त्यांनी नारळ टेबलाच्या कडेवरच फोडला आणि पाणी थेट कीबोर्डात. मी ओरडलो, 'अहो साडूभाऊ, बिघडंल की!' तर म्हणाले, 'परसाद हाय तो. मशिनीला नको व्हय?' मशीन दिवाळीपर्यंत बंद होती.

पुढं मोबाइल आले. साडूंचा सिद्धान्त पक्का होता : सेलवर चालतं ते खेळणं, भिंतीतून वीज घेतं ते यंत्र. एकदा वीज गेली, यूपीएसनं केविलवाणं ओरडून मान टाकली, तर एका पोरानं अर्धा राहिलेला बायोडाटा तिथंच मोबाइलवर पुरा करून पाठवूनही दिला. 'खेळण्यातून नोकरी लागती व्हय?' साडू हसले. लागली. पोरगा पेढे घेऊन आला तेव्हा साडूंनी पेढा खाल्ला आणि यूपीएस पुसायला घेतला.

मग लेकीनं हौसेनं त्यांच्या मनगटावर एक घड्याळ बांधलं. ते नाडी मोजतं, झोप मोजतं आणि माणूस फार वेळ बसला की 'उठा' म्हणून थरथरतं. साडू भडकले. 'जिंदगीभर मी लोकांना बसून शिका म्हणालो, अन् हे टिचभर मला ऊठ म्हनतंय! उभ्या-उभ्या काय शिकनं व्हतं का?' मी डोकं आपटून सांगितलं, अहो, आता दिव्याच्या बल्बातसुद्धा कॉम्प्युटर आलाय, मोबाइल दुरुस्ती शिका, गाळा तरी वाचेल. 'येतील,' ते म्हणायचे. 'बोटं दुखली की येतील समदे.' कुणी आलं नाही. कुणी येणारही नव्हतं, हे त्यांच्याशिवाय सगळ्या बजाजनगराला ठाऊक होतं. तरी ते रोज सकाळी जायचे, मॉनिटरवरची कापडी कव्हरं काढायचे, सगळ्या मशिनी सुरू करायचे आणि एकटेच बसायचे. त्या रिकाम्या खुर्च्या बघून मला वाईटही वाटायचं आणि रागही यायचा.

शेवटी या उन्हाळ्यात गाळा सुटला. भंगारवाल्यानं मॉनिटर हातगाडीवर रचले. गाडी वळणापर्यंत गेली असेल, तोवर साडू मागं धावले. वाटलं, आता हा माणूस गाडी अडवतो. त्यांनी धुतलेली कव्हरं नेली होती. एकेक मॉनिटरवर नीट चढवली आणि म्हणाले, 'रस्त्यानं धूळ लई हाय.'

परवा माझ्या मोबाइलची काच तडकली. साडू सोबत होते. जवळचं दुकान म्हणून गेलो, आणि पायरीशी आल्यावर कळलं, हा तोच गाळा. आता भिंतभर मोबाइलची कव्हरं, घड्याळं, दिवे. पाटी कधीच निघालेली. मला मागं फिरावंसं वाटलं, पण साडू पायरीवर थांबले, चपला काढल्या, पूर्वी चपलांचा रॅक होता त्या कोपऱ्यात जोडीनं ठेवल्या आणि अनवाणी आत शिरले.

दुकानदार लगबगीनं म्हणाला, 'चाचा, चप्पल नक्को निकालो, ऐसेच आव.'

'नाय हो,' साडू हळूच म्हणाले, 'आत धूळ जाती.'

मी बुटांची नाडी सोडायला खाली वाकलो, पण डोळे असे भरून आले की गाठ काही दिसेना.